चॉटनचं ऑस्टेन घर: नाव धाकटीचं, संसार थोरलीचा

आधी कामाचं सांगून टाकते, मग गप्पा. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टेन, तिचं चॉटन गावातलं घर, इंग्लंडमधल्या हँपशायरमधे, आता त्याचं म्युझियम आहे. लंडनला वॉटर्लूवरून ऑल्टनची ट्रेन पकडायची, सव्वा तास धरून चला, ऑल्टन हे शेवटचंच स्टेशन आहे त्यामुळे उतरायचं राहिलं वगैरे भानगड नाही, तिथून चॉटन दीडेक मैल, पाय चालत असतील तर चाला नाहीतर टॅक्सी करा. घर लहान आहे, लाल विटांचं, दोन मजली, तासा-दीड तासात बघून होतं असं लोक म्हणतात, आम्हाला मात्र अख्खी दुपार लागली कारण माझ्याबरोबर आत्या होती. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला असं विचारू नका, मी पूर्ण मार्क कुणालाच देत नाही, आमच्या घराण्यातच ती पद्धत नाही.

आत्या म्हणजे लग्न न केलेली, बँकेतून रिटायर झालेली, नाशिकला स्वतःच्या फ्लॅटमधे एकटी मजेत राहणारी बाई. कादंबऱ्यांचं तिला फार काही नाही, जेन ऑस्टेन म्हटल्यावर "ती सिनेमेवाली ना?" एवढीच ओळख. मी जरा धाकधुकीतच नेलं की बाई कंटाळेल आणि मग परतीच्या ट्रेनमधे मला ऐकून घ्यावं लागेल. पण आत शिरल्या शिरल्या तिने जो प्रश्न विचारला तो मला इतकी वर्षं ऑस्टेन वाचून कधी पडला नव्हता. "चार बायका, नोकरी कुणालाच नाही, मग महिन्याचा खर्च कोण देत होतं गं?"

ज्यांना फक्त लेखिकेचं टेबल बघून फोटो काढायचाय त्यांनी जरूर जावं, टेबल आहे, फोटोही येतो. पण हे घर खरं बघायचं असेल तर आत्याच्या प्रश्नापासून सुरुवात करा असं मी म्हणेन.

चौघी कोण तर म्हातारी आई, थोरली मुलगी कॅसँड्रा, धाकटी जेन, आणि मार्था लॉइड, ही लहानपणापासूनची मैत्रीण आणि भावजयीची बहीण, तिची आई १८०५ मधे गेली तेव्हापासून ती यांच्यातच राहायला आली. म्हणजे एक विधवा आणि तीन बिनलग्नाच्या. ७ जुलै १८०९ ला या घरात आल्या तेव्हा कॅसँड्रा ३६ ची, जेन ३३ ची, मार्था चाळिशी ओलांडलेली.

वडील जॉर्ज ऑस्टेन, स्टीव्हन्टन गावचे पाद्री. पाद्र्याचं घर हे नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबर जातं, सरकारी क्वार्टर्सचं दुःख ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. १८०० च्या शेवटी वडिलांनी ठरवलं की आता बाथ शहरात जाऊन राहायचं, मोठा मुलगा जेम्स इथलं काम बघेल, आणि मुलींना फारसं न विचारता तीसहून जास्त वर्षांचं घर मोडलं, पुस्तकं विकली, जेनचा पियानोसुद्धा विकला. जानेवारी १८०५ मधे बाथमधेच वडील गेले. ते गेले त्या दिवशी चर्चचं उत्पन्नही गेलं. आईचं स्वतःचं थोडं होतं, कॅसँड्राकडे एक हजार पाउंडांच्या ठेवीचं व्याज होतं (ती ठेव कुठून आली ते पुढे सांगते), आणि जेनकडे शून्य. अक्षरशः काही नाही. आई आणि कॅसँड्राचं मिळून वर्षाला २१० पाउंड. मग भाऊ बसले, ठरवलं, जेम्स ५०, हेन्री ५०, फ्रँक १०० द्यायला तयार होता पण आईने त्याच्याकडून ५० च घ्यायचं ठरवलं, आणि एडवर्ड १००. झाले ४६० वर्षाला.

आत्याने तिथेच उभ्या उभ्या बेरीज केली आणि म्हणाली, "म्हणजे निम्म्याहून जास्त भावांचं." हो. कोकणात जशी मुंबईच्या मनीऑर्डरवर घरं चालायची तसं हे घर, फरक इतकाच की इथे बायकांना दर वेळी थँक्यूचं पत्रही पाठवावं लागत असणार.

बरं, एडवर्डची गोष्ट तर अजबच आहे. त्याला लहानपणीच नाइट नावाच्या श्रीमंत निपुत्रिक नातेवाइकांनी दत्तक घेतलं, त्यामुळे केंटमधलं गॉडमर्शम आणि हँपशायरमधली चॉटनची इस्टेट त्याला मिळाली, १८१२ मधे त्याने आडनावही बदलून नाइट केलं. म्हणजे सख्ख्या बहिणी भाड्याच्या घरांतून फिरतायत, बाथमधे तीन-चार पत्ते बदलले, मग साउदॅम्प्टनला नौदलातल्या फ्रँकच्या संसारात राहिल्या, आणि सख्ख्या भावाकडे दोन-दोन इस्टेटी. कारभाऱ्याचं रिकामं झालेलं हे घर त्याने आई-बहिणींना देऊ केलं १८०८ च्या शेवटी, वडील जाऊन पावणेचार वर्षं झाल्यावर, आणि स्वतःची बायको अकराव्या बाळंतपणात गेल्यावर काही दिवसांतच. या योगायोगावर लोक बरेच तर्क लढवतात, मी लढवत नाही, पण आत्याने एक हुंकार दिला तो इथे लिहिता येत नाही.

एडवर्डने घराची डागडुजी मात्र मन लावून करून दिली हे मान्य करायला हवं. घर अगदी रस्त्याला लागून आहे, विंचेस्टरकडच्या घोडागाड्या खिडकीला खेटून जायच्या आणि प्रवासी आत डोकावून बघायचे, म्हणून त्याने रस्त्याकडची एक खिडकी बुजवली आणि बागेच्या बाजूला नवी काढून दिली. बुजवलेली खिडकी बाहेरून आजही कळते, तिथे उभं राहून जरूर बघा. भाडं नाही, जळाऊ लाकूड इस्टेटीतून. उपकार होते, खरे होते, आणि ते उपकारच होते.

आता आत. जेवणाच्या खोलीत खिडकीशी ते सुप्रसिद्ध टेबल, अक्रोडाच्या लाकडाचं, बारा बाजूंचं, एका पायावर उभं. इतकं छोटं की वर लिहायचा कागद आणि शाईची दौत ठेवली की संपलं, कोपर ठेवायलाही जागा नाही. माझ्या पुढे दोन बायका होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी. मला पाणीबिणी आलं नाही पण मी बराच वेळ हलले नाही हे खरं. याच घरातून १८११, १८१३, १८१४ आणि १८१५ अशा चार कादंबऱ्या छापायला गेल्या. त्याआधीच्या आठ वर्षांत, बाथ आणि साउदॅम्प्टनमधे, जवळजवळ काहीच पुरं झालं नाही, एक सुरू केली ती अर्धवट सोडली. आठ वर्षं काही नाही आणि मग धाडधाड चार, हे प्रतिभेने होत नाही हो, हे स्वयंपाकघराने होतं.

कामाची वाटणी भाचे-पुतणे मंडळींनी लिहून ठेवलीय. जेन सकाळी लवकर उठून पियानो वाजवायची, (तिथे १८१० च्या सुमाराचा क्लेमेंटी कंपनीचा पियानो ठेवलाय, तिचा नाही पण तसा), मग नऊ वाजताचा नाश्ता तिने करायचा, म्हणजे चहा आणि टोस्ट, आणि चहा, साखर, वाइन यांचा साठा तिच्या ताब्यात. संपलं. बाकी सगळं घर, जेवणं, नोकर, हिशोब, पाहुणे, आजारपणं, हे कॅसँड्रा आणि मार्थाकडे. चहा-साखर तेव्हा महाग, त्यामुळे किल्ली सांभाळणं हे अगदी नावापुरतं काम नव्हतं, पण तरी विचार करा, एका बहिणीने नाश्ता करायचा आणि दुसरीने उरलेला दिवस. आणि ही वाटणी कुणी लादलेली दिसत नाही, थोरलीने धाकटीला दिवस मोकळा करून दिला असं मला वाटतं. आईसुद्धा काय, सत्तरीत बागेत बटाटे खणायची, शेतमजूर घालतात तसा हिरवा अंगरखा घालून! ही म्हातारी मला फार आवडली. तब्येतीच्या तक्रारी आयुष्यभर केल्या आणि जगली ८७ वर्षं.

मार्थाने हाताने लिहिलेली पाककृतींची वही या म्युझियमच्या संग्रहात आहे. आपल्या आज्यांच्या वह्यांमधे असतं तसंच, कुणाकडून मिळालं तेही लिहिलेलं, पुडिंग आणि लोणच्यांच्या मधेच औषधं.

जिना चढून वर गेलात की झोपायची खोली. जेन आणि कॅसँड्रा एकाच खोलीत झोपायच्या. जागा नव्हती म्हणून असं नाही, कारण घरात खोल्या होत्या, पाहुणे राहायचे. त्यांनाच तसं हवं होतं. लहानपणी कॅसँड्राला शाळेत पाठवलं तर जेननेही हट्ट केला, आई म्हणायची की उद्या कॅसँड्राचं डोकं उडवणार असतील तर जेन म्हणेल माझंही उडवा. खोली लहान आहे, भिंतीतलं कपाट आहे, भिंतींवरचे कागद जुन्या तुकड्यांवरून पुन्हा छापून लावलेत. गर्दीच्या वेळी इथे पाचव्या माणसाला जागा नाही, तेव्हा जरा थांबून, आतला ग्रुप खाली गेला की मग आत जा.

लग्नं का झाली नाहीत हे विचारायचं नसतं पण आत्यानेच विचारलं, तिला परवानगी आहे. कॅसँड्राचं ठरलं होतं. टॉम फाउल, वडिलांचा विद्यार्थी, पाद्री, पैसे नाहीत म्हणून लग्न लांबत गेलं, तो एका लॉर्डच्या पलटणीबरोबर धर्मगुरू म्हणून वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७ मधे तिकडेच पिवळ्या तापाने मेला. मृत्युपत्रात तिच्या नावे १००० पाउंड ठेवून गेला, ती वर सांगितलेली ठेव ती हीच. म्हणजे बघा, न झालेल्या लग्नाच्या व्याजावर ही बाई पुढे ४८ वर्षं थोडीफार का होईना स्वतःच्या पैशावर राहिली. तो गेला तेव्हा ती २४ ची होती. पुन्हा कुणाचा विचार केला नाही.

जेनला मागणी आली २ डिसेंबर १८०२ ला. हॅरिस बिग-विदर, मैत्रिणींचा भाऊ, वय २१, मॅनिडाउनच्या मोठ्या इस्टेटीचा वारस. ही २७ ला टेकलेली. संध्याकाळी हो म्हणाली आणि सकाळी उठून नाही म्हणाली, आणि दोघी बहिणी गाडी मागवून तिथून निघाल्या. हो म्हटलं असतं तर आईचा, बहिणीचा, स्वतःचा सगळ्यांचा प्रश्न सुटला असता. आत्या म्हणाली, "एक रात्र तरी झोपू दिलं ना तिला, आमच्या वेळी बैठकीतच विचारायचे." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

भाच्याने पुढे लिहून ठेवलंय की दोघी बहिणींनी वयाच्या मानाने फार लवकर प्रौढ बायकांच्या टोप्या घालायला सुरुवात केली. जेनचं १७९८ चं पत्र आहे, बाविसाव्या वर्षीचं, त्यात ती म्हणते की संध्याकाळी घालायला टोप्या केल्यात आणि केस विंचरायचा केवढा त्रास वाचला. लोक यात निराशा वाचतात. मला तर यात सरळ आळस दिसतो आणि तो मला फार जवळचा वाटतो.

वस्तूंमधे तीन चुकवू नका. पहिली, पुष्कराजाचे दोन क्रॉस. धाकटा भाऊ चार्ल्स नौदलात होता, शत्रूचं जहाज पकडल्याच्या बक्षिसातून १८०१ मधे दोघी बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि हे क्रॉस घेऊन आला. दोन्ही सारखे नाहीत, जरा वेगळे आहेत, काचेला नाक लावून बघा. भावांबद्दल इतकं बोलले म्हणून सांगते, सगळेच काही हिशोबी नव्हते. दुसरी, जेनची निळ्या खड्याची अंगठी. ही २०१२ मधे लिलावात केली क्लार्कसन या अमेरिकन गायिकेने १,५२,४५० पाउंडांना घेतली, मग ब्रिटिश सरकारने ती देशाबाहेर न्यायला तात्पुरती बंदी घातली, लोकांनी देणग्या दिल्या आणि २०१३ मधे म्युझियमने ती तिच्याकडून घेतली. आता गंमत अशी की जेनने हयातीत लिखाणातून जे काही कमावलं ते सगळं मिळून सहाशे-साडेसहाशे पाउंडांच्या आसपास. पहिल्या कादंबरीचे १४० मिळाले, त्यावर नाव नाही, नुसतं 'एका स्त्रीने' लिहिलेली असं. दुसरीचे, म्हणजे 'प्राइड अँड प्रेज्युडिस', जी आज सगळ्या जगाला पाठ आहे तिचे, ११० पाउंड रोख घेऊन प्रकाशकाला हक्क विकून टाकले, तिला १५० हवे होते. ते ४० पाउंड तिला पत्रात बोलून दाखवावेसे वाटले इतके होते.

तिसरी वस्तू रजई. आई, कॅसँड्रा आणि जेन तिघींनी मिळून शिवलेली, शंकरपाळ्याच्या आकाराचे कापडाचे तुकडे, मधे फुलांची परडी. ही बघायला माझी सगळ्यात जास्त वेळ थांबायची तयारी होती, आत्याची माझ्याहून जास्त. ती गोधड्या शिवणाऱ्या बाईची मुलगी आहे, तिने वाकून टाके बघितले आणि बोट हवेतच फिरवत कुठला तुकडा कुठून कापला असेल ते मला दाखवत बसली, एकाच कापडाचे तुकडे चारही बाजूंना बरोबर जुळवून लावलेत, म्हणजे आधी सगळं मांडून बघितलं असणार, घाईचं काम नाही. मे १८११ च्या पत्रात जेन गॉडमर्शमला गेलेल्या कॅसँड्राला विचारते, रजईसाठी तुकडे जमवायचं लक्षात आहे ना, आमचं काम अडलंय. त्याच वर्षी पहिलं पुस्तक छापून आलं. पत्रात तुकड्यांचं टेन्शनही तितकंच.

कॅसँड्रा गॉडमर्शमला सतत का जायची तर एडवर्डची अकरा मुलं. बाळंतपण आलं की बिनलग्नाच्या नणंदेला बोलावणं, महिनोन्‌महिने. वहिनी गेल्यावर दोन मोठे मुलगे साउदॅम्प्टनला जेनकडे पाठवले, तर हिने त्यांना कागदी जहाजं करून दिली, कोडी घातली, पत्ते खेळली, त्यांचं दुःख जरा हलकं केलं. हक्काची माणसं, बिनपगारी. आणि जायचं-यायचंही स्वतःच्या मर्जीने नाही, बरं का. एकटीने घोडागाडीने प्रवास करणं भल्या घरच्या मुलीला शोभत नाही म्हणून कुठला तरी भाऊ न्यायला येईपर्यंत थांबायचं, १७९६ मधे जेन केंटमधे अशीच अडकून पडली होती, या भावाचा बेत बदलला, त्या भावाचा बदलला. आत्या नाशिकहून एकटी विमानाने आली होती, हे ऐकून तिने मला तिचा व्हिसा कसा तिने स्वतः भरला ते पुन्हा एकदा सांगितलं.

यांची पण एक आत्या होती आणि ती आपल्याकडे आली होती! वडिलांची बहीण फिलाडेल्फिया. आईवडील नाहीत, हुंड्याला पैसे नाहीत, लंडनला कॉव्हेंट गार्डनमधे टोप्या करणाऱ्या बाईकडे शिकायला ठेवलेली, आणि १७५२ मधे 'बॉम्बे कॅसल' नावाच्या जहाजावर बसवून मद्रासला पाठवली, सहा-सात महिन्यांचा प्रवास, कशाला तर नवरा मिळवायला, कारण इकडे कंपनीचे गोरे खूप आणि गोऱ्या बायका कमी. सहा महिन्यांत लग्न झालं, वयाने मोठ्या सर्जनशी. त्यांची मुलगी एलायझा कलकत्त्याला जन्मली आणि तिचा गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा मानलेला धर्मपिता, वॉरन हेस्टिंग्ज, शाळेच्या इतिहासात मराठ्यांबरोबरच्या पहिल्या लढाईत भेटलेला तोच. त्याने या मुलीच्या नावे १०,००० पाउंड ठेवले. ही एलायझा पुढे जेनच्या भावाची, हेन्रीची बायको झाली. म्हणजे एका पिढीत नवऱ्यासाठी मुलगी बोटीवर चढवतात आणि पुढच्या पिढीत दोघी म्हणतात आम्ही आहोत तिथे बऱ्या. मधे फक्त पन्नास वर्षं आहेत.

मार्च १८१६ मधे हेन्रीची बँक बुडाली. आत्या, अर्थात, एकदम जागी. एडवर्ड जामीन राहिला होता त्याचं मोठं नुकसान, फ्रँक आणि हेन्रीला आता बहिणींचे पन्नास-पन्नास देणं जमेना. त्याच सुमारास जेनची तब्येत बिघडायला लागली. बाहेरच्या पडवीत गाढवाची गाडी ठेवलीय, एवढीशी, ती चालवत जाऊन फिरून यायची कारण पायी जमेना. आणि बैठकीच्या खोलीत एकच कोच. तो आईसाठी. जेन आजारी असताना तीन खुर्च्या ओळीत लावून त्यावर आडवी व्हायची आणि म्हणायची मला असंच बरं वाटतं. छोट्या भाचीने हट्टाने विचारलं तेव्हा कळलं की ती कोचावर आडवी झाली असती तर आई परत त्यावर बसली नसती. शेवटच्या वर्षी तिने भाचीला लिहिलेल्या पत्रात आहे, बिनलग्नाच्या बायकांना गरीब होण्याची भयंकर खोड असते. हे विनोदाने लिहिलंय. तीन खुर्च्यांवर पडून.

एप्रिल १८१७ मधे तिने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं, ५० पाउंड हेन्रीला, ५० हेन्रीच्या घरच्या जुन्या फ्रेंच नोकराणीला, बाकी सगळं कॅसँड्राला. साक्षीदार नाहीत. आत्या म्हणाली, "मग क्लेम सेटल कसा झाला?" तर दोन ओळखीच्या माणसांना शपथेवर सांगावं लागलं की अक्षर तिचंच आहे. लग्न झालेली असती तर तेव्हाच्या कायद्याने हे मृत्युपत्र तिला नवऱ्याच्या परवानगीशिवाय करताच आलं नसतं, हे पण लक्षात घ्या. मे मधे कॅसँड्रा तिला उपचारांसाठी विंचेस्टरला घेऊन गेली, १८ जुलैला ती गेली, ४१ वर्षांची. अंत्ययात्रेला बायका जात नसत. कॅसँड्रा खिडकीतून बघत राहिली.

आणि इथे बहुतेक लोकांची टूर संपते. माझी इथे सुरू होते म्हटलं तरी चालेल, कारण जेन या घरात जेमतेम आठ वर्षं होती आणि कॅसँड्रा ३६. आई १८२७ मधे गेली. १८२८ मधे मार्थाने, साठी उलटून गेल्यावर, लग्न केलं! फ्रँकशी, तो विधुर, पदरात मुलं, आणि पुढे त्याला सर पदवी मिळाली त्यामुळे मार्था लेडी ऑस्टेन झाली. आत्या यावर इतकी हसली की शेजारच्या माणसाने वळून बघितलं. मग उरली एकटी कॅसँड्रा, अजून सतरा वर्षं, तेच जिने, तीच बाग. जेनच्या पुस्तकांची मालकीण तीच होती, १८३२ मधे तिने आणि हेन्रीने मिळून पाच कादंबऱ्यांचे हक्क रिचर्ड बेंटली या प्रकाशकाला २१० पाउंडांना विकले. आणि मरणाआधी दोन-तीन वर्षं तिने जेनची बहुतेक पत्रं वाचून जाळली. आज १६० च्या आसपास उरलीत. अभ्यासक यासाठी तिला अजून माफ करत नाहीत. मला विचाराल तर पत्रं तिची होती, तिला लिहिलेली होती. आत्याचं मत एका शब्दात, "शहाणी." शिवाय एक गोष्ट कुणी बोलत नाही, पत्रं फक्त दोघी लांब असतानाची असतात, एकत्र असतानाच्या दिवसांची कुठे नोंदच नाही, म्हणजे जे खरं सुख होतं ते जाळायलाही नव्हतं.

दहा पाउंडांची नोट खिशात असेल तर तिथे काढून बघा. २०१७ पासून त्यावर जेनचं चित्र आहे, ते ज्या मूळ स्केचवरून पुढे गोड करून काढलं ते स्केच कॅसँड्राचं, १८१० च्या सुमाराचं, हाताची घडी घातलेली, जराशी वैतागलेली बाई. मूळ लंडनला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. आणि दहाच पाउंडांना एका प्रकाशकाने १८०३ मधे तिची कादंबरी विकत घेऊन तशीच पाडून ठेवली होती, १८१६ मधे तेवढेच दहा देऊन ती परत आणली. नोट काढणाऱ्यांना हे माहीत होतं का कोण जाणे.

कॅसँड्रा १८४५ मधे गेल्यावर या घराचे तीन भाग करून मजुरांना राहायला दिले. शंभर वर्षं तसंच. मग कार्पेंटर नावाच्या एका वकिलाने दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ ते विकत घेतलं आणि १९४९ मधे लोकांसाठी उघडलं. नशीब.

आता टिपा. वरचा मजला जिन्यानेच, गुडघे दुखत असतील तर सावकाश. तिथल्या माहिती देणाऱ्या बायका-पुरुषांशी बोला, विचाराल तेवढं सांगतात, आत्याने मोडक्या इंग्रजीत एकीला भावांच्या पन्नास पाउंडांवरून अर्धा तास धरून ठेवलं आणि दोघींनाही मजा आली. बाग फुकट घालवू नका, बाकावर बसा. एडवर्डचा मोठा वाडा, चॉटन हाउस, तिथून दहा मिनिटांवर, जुन्या काळच्या लेखिकांच्या पुस्तकांची लायब्ररी आहे, वेगळं तिकीट लागतं, आणि या छोट्या घरानंतर तो वाडा बघितला की भाऊ-बहिणीतला फरक डोळ्यांनी मोजता येतो. वाटेतल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात आई आणि कॅसँड्रा शेजारी शेजारी आहेत. विंचेस्टर त्याच दिवशी करायच्या भानगडीत पडू नका, दमायला होतं. खायचं बरोबर घ्या, आम्ही परतताना स्टेशनजवळ एका ठिकाणी स्कोन घेतले ते इतके कडक होते की आत्याने चहात बुडवून बटर खातात तसे संपवले. थंडीत सगळे दिवस उघडं नसतं, वेबसाइट बघून वेळेचं तिकीट आधी काढा, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.